एकच वायपर

गेल्या शनिवारी लोह्याला होतो. धो धो पाऊस. मामांच्या गॅरेजात एक जुनी मर्सिडीज आली, मागचं चाक पंक्चर. डब्ल्यू 124, जिची जुळणी 1995 मध्ये पिंपरीत सुरू झाली होती. समोरच्या काचेला वायपर एकच! मी लगेच ज्ञान पाजळलं, "मामा, खर्च वाचवलाय."

मामांनी ड्रायव्हरला वायपर चालू करायला लावला. "नीट बघ की रे, इंजिनिअर."

वायपर कोपऱ्याकडे जाताना लांब होत होता, मधे आखूड. च्यायला! बुडाशी असलेल्या गिअरमुळे तो फिरता फिरता आत-बाहेरही सरकतो. नाहीतर वरचे कोपरे ओलेच राहिले असते. असा तो एकटा 86 टक्के काच पुसतो.

मग गाडी जॅकवर चढली. मागच्या चाकामागे पाच दांड्या! 1982 च्या छोट्या मर्सिडीज 190 मध्ये आलेली रचना. खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी फारसं तिरकं होत नाही. मामांनी हात लावून एकेक दांडी मोजली, कुठली काय धरते ते सांगितलं.

मेकॅनिकलची डिग्री माझी, बरं का!

असो. सोमवारी पुण्यात ज्युनिअरच्या कोडमध्ये एक विचित्र लूप दिसला. डिलीट करणार होतो... आधी चालवून बघितला.