गाडीचा चातुर्मास

रोहिणी लागल्या की आपल्या गावांत पावसाळ्याच्या तयारीची एकच धांदल उडते. घर शाकारले जाते, सरपण पडवीत रचले जाते, सांडगे-पापड डब्यांत बंद होतात आणि बियाण्याला कोरडी जागा शोधली जाते. यांतले काहीही आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. वाडवडिलांच्या हाताखाली ते आपण सहज शिकलो. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या पडवीत एक नवा सभासद राहावयास आला आहे, आणि त्याची पावसाळी बेगमी कशी करावी हे सांगण्यास वाडवडील उपयोगी पडत नाहीत. हा सभासद म्हणजे मोटारसायकल.

आम्हांजवळही खेड्यांच्या फेऱ्यांसाठी अशी एक गाडी आहे. उंच बांध्याची, जाड दात्यांच्या टायरांची, खडक आणि धूळ यांनाच रस्ता मानून चालणारी. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत ती आम्हांला रानातल्या वस्त्यांवर इमानाने पोहोचविते. पण खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचा, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की मिरगानंतर तेथील कच्च्या वाटा वाटाच राहत नाहीत. तांबडा चिखल मडगार्डात गच्च बसतो, ओढे भरतात, आणि मग आम्ही जेथवर बस जाते तेथवर बसने आणि पुढे छत्री घेऊन पायी जातो. संन्याशी जसा चातुर्मासात एका जागी राहतो, तशी आमची गाडी चार महिने पडवीत राहते. तालुक्यातील कितीतरी घरांची हीच स्थिती आहे. कोणाचा मुलगा सैन्यात आहे, कोणाचा आखातात; गाडी गोणपाटाखाली उभी असते आणि तिला हात लावणारे घरी कोणी नसते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी एका वस्तीवर जे घडले, त्यामुळे हा विषय येथे मांडावा असे आम्हांस वाटले. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत रात्री कळ येऊ लागली. वस्तीत एकच मोटारसायकल, तीही जूनपासून उभी. पुतण्याने किक मारून मारून पाय सुजवून घेतला. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. अखेर शेजारच्या वाडीवरून दुसरी गाडी आणावी लागली आणि त्यात एक तास गेला. आजारी गृहस्थ बरे झाले, ही देवाची कृपा. पण दुसऱ्या दिवशी आम्ही भेटीस गेलो तेव्हा पुतण्या अंगणात मान खाली घालून बसला होता. म्हणाला, “टाकीत पेट्रोल होतं की हो, फादर. अर्धी टाकी होती. तरी कशी काय चालू झाली नाही?”

प्रश्न अगदी योग्य होता. टाकीत पेट्रोल असूनही गाडी का सुरू होत नाही? याचे उत्तर असे की जूनमध्ये ठेवलेले पेट्रोल ऑक्टोबरात तेच राहिलेले नसते.

पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. हलक्या आणि जड अशा अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यांतला हलका भाग प्रथम उडून जातो, आणि थंड इंजिनला पहिली ठिणगी पकडण्यास नेमका तोच भाग हवा असतो. जे मागे उरते त्याचा हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग होऊन पिवळसर-तपकिरी चिकट राळ तयार होते. फणसाचा चीक बोटांना जसा बसतो, तशी ती धातूला बसते. अशा पेट्रोलचा वासही बदलतो. ताज्या पेट्रोलचा तिखटपणा जाऊन त्याला जुन्या रंगरोगणासारखी आंबूस घाण येते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. जून २०२२ मध्ये देशातील पेट्रोलात इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर गेले; फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. हे इथेनॉल उसापासून, तसेच मका व तांदळापासून होते. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याने कारखान्याला घातलेल्या उसाचा थोडा अंश त्याच्याच गाडीच्या टाकीत परत येतो म्हणावयाचा! त्यात वाईट काही नाही. परंतु इथेनॉलला पाण्याची ओढ फार. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. दिवसाच्या उबेने टाकीतील हवा बाहेर जाते आणि रात्रीच्या गारव्याने बाहेरची दमट हवा आत येते. ती ओल इथेनॉल शोषून घेते. ओल मर्यादेबाहेर गेली की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते, आणि इंजिनकडे जाणारी वाटही तळाशीच असते. टाकी अर्धी असेल तर आत हवा अधिक, म्हणून ओलही अधिक; शिवाय पत्र्याच्या उघड्या भागाला गंज धरतो तो वेगळाच. पुतण्याच्या गाडीची अर्धी टाकी त्याला दिलासा देत होती. वस्तुतः तीच घातक ठरली.

खरा अडथळा मात्र टाकीच्या खाली होता. टाकीखाली कॉक, कॉकपासून नळी आणि नळीच्या शेवटी कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरच्या तळाशी एक लहानशी वाटी असते. तीत घोटभर पेट्रोल साठून राहते आणि एक तरंगता फ्लोट त्याची पातळी सांभाळतो. तेथून जेट नावाच्या पितळी तुकड्यांतून पेट्रोल वर ओढले जाते. गाडी सुरू करताना ज्या लहान जेटचे काम पडते त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. वाटीतले घोटभर पेट्रोल चार महिन्यांत सुकले की त्याची राळ प्रथम त्याच छिद्रात बसते. एवढ्याशा छिद्राने त्या रात्री एक तास खाल्ला.

यावरील उपाय अर्ध्या तासाचा आहे. आम्ही दरवर्षी मेच्या अखेरीस तो याच क्रमाने करतो.

शेवटच्या फेरीवरून परतताना, जेथे वर्दळ असते अशा पंपावर टाकी जवळजवळ पूर्ण भरून घ्यावी. तोंडाशी दोन बोटे जागा सोडावी, कारण उष्णतेने पेट्रोल फुगते. पेट्रोल टिकविणारे द्रव बाटलीत विकत मिळते. ते मिळाल्यास बाटलीवर लिहिलेल्या मापाने ताज्या पेट्रोलात घालावे. बिघडलेले पेट्रोल त्याने सुधारत नाही, हे ध्यानात असू द्यावे. मग गाडी अंगणात, उघड्यावर, दहा मिनिटे चालू ठेवावी म्हणजे ते द्रव कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. इंजिन पूर्ण निवू द्यावे, कॉक बंद करावा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा लहान स्क्रू सैल करून वाटीतील पेट्रोल एखाद्या पत्र्याच्या डब्यात काढून घ्यावे. काही मंडळी कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवितात. तेही काही वाईट नाही. पण वाटीच्या तळाशी थोडे उरतेच, म्हणून स्क्रू उघडणे श्रेयस्कर. काढलेले पेट्रोल स्वच्छ असेल तर लगेच टाकीत परत ओतावे. स्क्रू पुन्हा घट्ट करावा.

स्पर्धेच्या वा रानवाटांच्या काही गाड्यांना प्लास्टिकची टाकी असते. तिला गंज धरत नाही, म्हणून ती रिकामी करून ठेवली तरी चालते. पत्र्याची टाकी मात्र चार महिन्यांसाठी भरलेलीच बरी.

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर नसतो. तेथे पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची योजना असते. अशा गाडीत काढण्यासारखी वाटीच नाही. तिची टाकी भरावी, टिकाऊपणाचे द्रव घालावे, दहा मिनिटे चालवावी आणि सोडून द्यावी. मात्र ती पेट्रोल संपेपर्यंत कधीही चालवू नये. तिचा पंप बहुधा टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. कोरडा फिरला तर जळण्याचा धोका.

आणखी एक समजूत खेड्यांत रूढ आहे: आठवड्यातून एकदा दोन मिनिटे गाडी चालू केली की ती ‘जिवंत’ राहते. दोन मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. उलट जळण्यातून निघालेली वाफ आत आणि धुराड्यात पाणी होऊन बसते. चालवावयाची तर रस्त्यावर वीस मिनिटे तरी चालवावी, नाहीतर सुखाने निजू द्यावी. धुराड्याच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या भोकात जाळीदार कापड बसवावे, कारण पावसाळ्यात उंदरांनाही कोरडे घर हवे असते. कापड काढावयाचे आहे अशी चिठ्ठी हँडलला बांधण्यास विसरू नये.

गाडीपेक्षा अधिक महत्त्वाचे ते आता सांगतो. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती आजच सोडावी. पेट्रोलचा एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला मोठी इजा होते. काढलेले पेट्रोल पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेल्या मुलाला फरक कळत नाही. कोणी ते प्यालेच तर त्याला ओकारी काढावयास लावू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरते; तडक दवाखाना गाठावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या चुलीलाही भेटते. म्हणून हे काम दिवसा, उघड्यावर, विडी-दिव्यापासून दूर करावे आणि गाडी स्वयंपाकघराला लागून ठेवू नये. जुने, रंग बदललेले पेट्रोल चुलीत, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.

ज्यांच्या नदीकाठी पेट्रोलवर चालणारा पाणी उपसण्याचा पंप आहे, त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. पंपाचे इंजिन लहान असले तरी त्यालाही कार्ब्युरेटर आहे, वाटी आहे, जेट आहे, आणि सबंध पावसाळा तो बिचारा कोपऱ्यात बसून असतो. रब्बीचे पहिले पाणी देण्याच्या दिवशी त्याने रुसू नये असे वाटत असेल तर त्याचीही हीच सेवा करावी.

पाऊस ओसरल्यावर गाडी उठविताना घाई करू नये. प्रथम कापडे काढावी, टाकीचे झाकण उघडून वास घ्यावा, कॉक उघडून दोन-चार मिनिटे नळीच्या सांध्यांकडे पाहावे. रबरी नळी तडकली वा फुगली असेल तर नवी घालावी. मग चोक ओढून किक मारावी. आणि हे काम गरजेच्या रात्री नव्हे, पहिल्या कोरड्या रविवारी करावे.

त्या पुतण्याला आम्ही यंदा मेमध्ये हे सारे दाखविले. त्याने आमच्याकडून एकदा पाहिले आणि मग वस्तीतल्या पंपाचीही वाटी स्वतःच रिकामी केली. आपल्या गावांत रुग्णवाहिका येईपर्यंत पहिली धाव अजून पडवीतली मोटारसायकलच घेते. ती कोणासाठी धावेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या आईसाठी धावेल, शेजाऱ्याच्या सुनेसाठी धावेल, कदाचित ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्यासाठीही. म्हणून, वाचकहो, बियाणे कोरड्यात ठेवाल त्याच दिवशी गाडीच्या टाकीकडेही एकवार पाहा.