लेक डिस्ट्रिक्टच्या दलदलीतील सूक्ष्म जीव

इंग्लंडच्या वायव्येस लेक डिस्ट्रिक्ट हा डोंगर आणि सरोवरांचा रम्य प्रदेश आहे. विंडरमिअरच्या काठी प्रवाशांची वर्दळ असते. डोंगरांच्या कुशीतील दलदलींकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. येथील खडक प्राचीन व कठीण असल्यामुळे पाण्यात क्षार फारसे उतरत नाहीत. अशा आम्लधर्मी पाण्यात स्फॅग्नम नावाचे मॉस पसरते. ते मूठभर घेऊन कुपीत पिळले आणि त्यातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की 'डेस्मिड' ही हिरवी एकपेशीय शैवाले दृष्टीस पडतात.

बहुतेक डेस्मिडांची पेशी दोन सारख्या अर्धांची असते. मध्ये अरुंद कंबर आणि तेथेच केंद्रक. मायक्रॅस्टेरिअस नक्षीदार तारकेसारखे, तर क्लोस्टेरिअम चंद्रकोरीसारखे दिसते. परंतु नेमकी जाती ठरविणे सोपे नाही. समोरून सारख्या भासणाऱ्या दोन पेशी टोकाकडून पाहता निराळ्या निघतात. म्हणून जाणकार वरची पातळ काच सुईने हळूच दाबून पेशी कुशीवर वळवितो, लांबी-रुंदी मोजतो, रिकाम्या कवचावरील ठिपके व काटे न्याहाळतो. दुर्मीळ जातीचे नाव देण्यापूर्वी तर अनेक पेशी पडताळाव्या लागतात.

या पडताळणीस मोठा आधार दिला तो ब्रॅडफर्डच्या विल्यम वेस्ट यांनी. ते व्यवसायाने औषधविक्रेते होते. पुढे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. पुत्र जॉर्ज स्टीफन यांच्यासह त्यांनी ब्रिटनमधील डेस्मिडांचा सचित्र ग्रंथ हाती घेतला. पहिला खंड १९०४ मध्ये निघाला. १९१४ मध्ये पिता निवर्तले, १९१९ मध्ये पुत्रही. तरी काम थांबले नाही. पाचवा खंड नेली कार्टर यांच्या हातून १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेढी एका पिढीकडून दुसरीकडे जावी, तशी ही नोंदवही पुढे गेली.

शेवाळ सजीव आहे, हे जैन कुटुंबांतील मुलांना लहानपणीच कळते. इरियावहिया सूत्रात वाटेत दुखावल्या गेलेल्या जीवांची क्षमा मागताना 'पणग' म्हणजे शेवाळाचाही उल्लेख येतो. ज्या दलदलीला व्यवहारात निरुपयोगी जागा म्हणतात, तेथे असे असंख्य जीव नांदत असतात. चर खणून ती कोरडी केली, किंवा शेतातील खत तिच्यात वाहून आले, तर नाजूक जाती प्रथम नाहीशा होतात. त्यांचा आवाज नाही, डोळ्यांना त्या दिसतही नाहीत. त्या पूर्वी तेथे होत्या, याला साक्ष उरते ती कोणी काळजीपूर्वक लिहून ठेवलेल्या नावाचीच.