पेन ड्राइव्हही भरून पाहावा

तेलासाठी नवा डबा आणला की माझ्या सासूबाई त्यात काठोकाठ पाणी भरून रात्रभर ओट्यावर ठेवतात. झरत नाही ना, आणि पाच लिटरचा म्हणून घेतला तर खरंच पाच लिटर मावतं ना, दोन्ही एकदमच कळतं. पेन ड्राइव्हची परीक्षा याहून वेगळी नाही. पण आपण तो घेतो स्टेशनबाहेर, गाडी पकडायच्या घाईत, आणि घरी येऊन सरळ फोटो भरतो.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाची मुंज ठाण्याला झाली. फोटोग्राफरनं सगळे फोटो वहिनींनीच दिलेल्या १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घालून दिले. ग्रहमखाचे फोटो छान दिसले, म्हणून सगळे निर्धास्त. पुढं कधीतरी मातृभोजनाचे फोटो पाहायला घेतले, तर नावं रांगेनं दिसताहेत, पण एक फोटो उघडेल तर शपथ! तोवर फोटोग्राफरनंही आपल्याकडचे काढून टाकलेले. त्या पंगतीत वहिनींच्या आई होत्या. मुंजीनंतर चार महिन्यांत त्या गेल्या.

असं होतं कसं? आतली चिप असते लहान, पण ‘मी मोठी आहे’ असं संगणकाला सांगायला तिला शिकवलेलं असतं. फायलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या जागेत लिहिली जाते, म्हणून नावं शाबूत राहतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो वाऱ्यावर जातात, आणि संगणक चकार शब्द काढत नाही. काही शे रुपयांत दोन टेराबाइट मिळत असतील, तर समजून जावं.

यावर फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’, तो ‘सीटी’ या जर्मन संगणक-मासिकाच्या मंडळींकडून आला. मॅक आणि लिनक्सवर ‘एफथ्री’. ते पेन ड्राइव्ह गच्च भरतात आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. पेन ड्राइव्ह रिकामा असतानाच हे करायचं. वेळ लागतो, दोन-दोन तासही जातात. मी कुकर लावायच्या आधी लावून देते. ६४ जीबीच्या जागी ५९ च्या आसपास दिसलं तर मात्र दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. तो हजार आणि एक हजार चोवीसच्या हिशेबातला फरक आहे.

दुसरी भीती व्हायरसची. मी अर्धवेळ शिकवते, प्रश्नपत्रिका छापायला झेरॉक्सवाल्याकडे जावंच लागतं. तिथल्या संगणकावर दिवसभर कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात! घरी यावं तर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट झालेले. त्यांवर क्लिक करायचं नाही, आधी अँटिव्हायरसनं तपासायचं. नव्या पेन ड्राइव्हलाही हेच. सापडलेला तर लावूच नये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात मुद्दाम २९७ पेन ड्राइव्ह टाकून ठेवले होते. २०१६ साली त्याचा अहवाल आला: जवळजवळ निम्म्यांतल्या फायली लोकांनी उघडून पाहिल्या. शिकलीसवरलेली माणसं हो ही!

माझ्याकडे आता दोन आहेत. लाल दोरीचा झेरॉक्सवाल्याकडे जातो, त्यात प्रश्नपत्रिकेशिवाय काही नसतं. फोटोंचा कपाटात असतो, आणि तेच फोटो हार्ड डिस्कवरही आहेत, कारण वर्षानुवर्षं नुसता पडून राहिलेला पेन ड्राइव्हही विसरायला लागतो. दर दिवाळीच्या साफसफाईत मी तो लावते आणि पहिले नव्हे, शेवटचे फोटो उघडून पाहते.