इगतपुरीचा डोंगर आणि तुरुंगाची भिंत

प्रवासवर्णन लिहावे असा काही मोठा प्रवास आम्ही केलेला नाही. मुंबईहून इगतपुरी रेल्वेने अवघी १३७ किलोमीटर. नाशिक-त्र्यंबकच्या यात्रेस जाताना वाचकांपैकी पुष्कळांनी हे स्थानक खिडकीतून पाहिले असेल, तेथला चहाही घेतला असेल. आम्हीही आजवर तेवढेच केले होते. गेल्या आषाढात मात्र आम्ही तेथे मुद्दाम उतरलो, आणि जे पाहिले व ऐकले ते ह्या मासिकाच्या वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

कसाऱ्यास गाडी थांबली म्हणजे तिला मागून जादा इंजिने जोडतात. पुढे थळघाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. पुढच्या एकट्या इंजिनास तो पेलत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांस मागून लोटणारे सोबती लागतात. पावसाने दऱ्या भरून गेल्या होत्या, कड्यांवरून पाण्याच्या धारा लोंबत होत्या, आणि एकामागून एक बोगदे येत होते. आमचे कुटुंब खिडकीशी बसून मुलासारखे धबधबे मोजीत होते. आमचे लक्ष मात्र त्या शोभेत नव्हते. आमच्या खिशात एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड होते, आणि ज्याने ते लिहिले तो मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस भेटणार होता.

ह्या कार्डाची हकीकत आधी सांगितली पाहिजे. आमच्या नोकरीच्या काळात एक शेतकऱ्याचा मुलगा आमच्या हाताखाली संस्कृत शिकला. त्याचे नाव येथे देत नाही. गळा गोड, उच्चार स्वच्छ. गीतापठनाच्या स्पर्धेत दुसरा अध्याय म्हणून त्याने पहिले बक्षीस मिळविले होते. पुढे शिक्षण सुटले, तो शेती पाहू लागला. सुमारे अठरा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात रागाच्या भरात त्याने चुलतभावाच्या डोक्यात पहारीचा घाव घातला, व तो भाऊ जागीच गेला. कोर्टाने त्यास जन्मठेप दिली. दोनेक वर्षांनी तुरुंगातून आम्हांस हे कार्ड आले. रागापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश, असे सांगणारे जे दोन श्लोक दुसऱ्या अध्यायात आहेत त्यांचा शेवट त्यास आठवत नव्हता. तेवढा लिहून पाठवावा, अर्थासह पाठवावा, एवढीच विनंती त्यात होती.

आम्ही उत्तर दिले नाही. तुरुंगाचा शिक्का असलेले कार्ड शाळेच्या पत्त्यावर आले होते. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी ते पाहिले होते. लोक काय म्हणतील, ह्या भयाने आम्ही ते आपट्यांच्या कोशात ठेवून दिले. ‘उद्या लिहू’ असे मनाशी म्हणता म्हणता सोळा वर्षे गेली. ह्या वर्षी त्याचेच दुसरे पत्र आले. आपण सुटून चार वर्षे झाली, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात अधूनमधून सेवेस जातो, अमुक दिवशी शिबिर संपते, गुरुजींनी एकदा यावे, असे त्यात होते. मागील पत्राचा उल्लेख नव्हता. आम्ही काही तरी सबब काढून नाही म्हणणार होतो, पण कुटुंबाने स्पष्ट सांगितले, “अहो, एक पत्र कोशात घातलेत ते पुरे झाले.” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इगतपुरीचे हे स्थान ‘धम्मगिरी’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. गावाच्या अंगास डोंगराचा मोठा पडदा उभा आहे; पावसात त्याचा माथा ढगांत हरवतो, आणि पायथ्याशी झाडीतून सोनेरी पॅगोड्याचे शिखर वर येते. ते ब्रह्मदेशी घाटाचे शिखर प्रथम पाहताच नवख्यास वाटते की आपण ऐरावतीच्या काठी आलो. पॅगोड्याच्या पोटात एकेका माणसापुरत्या शेकडो कोठड्या आहेत; त्यांस ‘शून्यागार’ म्हणतात. एकाच मनुष्याने बसावे, दार लावावे, काही वाचू नये, काही बोलू नये. कोठडी हा शब्द आमच्या लेखणीतून सहज उतरला, आणि मग ध्यानात आले की तुरुंगातील खोलीस आपण हेच नाव देतो. फरक इतकाच की येथली कडी आतून लागते.

ही विद्या येथे कशी आली ती कथा आमच्या महाराष्ट्रीय वाचकांस विशेष वाटेल. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्य तेथेच लिहिले गेले, आणि त्या ग्रंथाच्या परिशिष्टात गीता व बौद्ध ग्रंथ ह्यांच्या संबंधाचा स्वतंत्र विचार आहे. त्याच मंडाले शहरात १९२४ साली एका मारवाडी व्यापारी घराण्यात सत्यनारायण गोएंका जन्मले. अर्धशिशीच्या दुखण्याने बेजार होऊन १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन ह्यांच्यापाशी गेले. हे ऊ बा खिन भिक्षू नव्हते. गृहस्थाश्रमी होते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. चौदा वर्षे त्यांच्यापाशी अभ्यास करून गोएंका १९६९ साली भारतात आले व त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे केंद्र १९७६ सालचे. गोएंका २०१३ च्या सप्टेंबरात निवर्तले. पण शिबिरांचा क्रम तसाच चालू आहे.

शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनवाला दिवे मालवणे. दुपारचे जेवण अकरा वाजता. त्यानंतर नव्या साधकास सायंकाळी थोडे फळ वगैरे, जुन्यास तेही नाही. सुमारे दहा तास ध्यान, आणि दहाव्या दिवसापर्यंत पूर्ण मौन. पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणाजाणाऱ्या श्वासाकडे पाहावयाचे; चौथ्या दिवसापासून सर्व शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहावयाच्या. शुल्क नाही, आणि दानही ज्याने एक शिबिर पुरे केले आहे त्याच्याकडूनच घेतात. कोणास नाव, जात वा देव बदलावयास सांगत नाहीत. आमच्यासारख्या संध्या करणाऱ्या मनुष्याच्या मनात जी शंका प्रथम येते तिचे हे उत्तर समजावे.

आता तुरुंगाकडे वळू. १९७५ साली राजस्थानचे गृहसचिव रामसिंग ह्यांच्या आग्रहावरून जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात बंद्यांसाठी पहिले शिबिर झाले. त्यात अडचणी दोन होत्या. शिकविणाऱ्याने तुरुंगाच्या आतच राहावे लागते, आणि बाहेरच्या माणसास रात्री आत ठेवण्यास नियम आड येत होता. दुसरी अडचण अशी की काही भयंकर समजले जाणारे कैदी बेड्यांसह आणून बसविले गेले. पायांत बेड्या घातलेल्या माणसास मुक्तीचा मार्ग शिकविणे गोएंकांस मानवले नाही. अखेर अधिकाऱ्यांनी धोका पत्करून बेड्या काढविल्या. अघटित काही घडले नाही.

पुढे बरीच वर्षे हे काम तुरळक चालले. १९९३ साली किरण बेदी दिल्लीच्या तिहार कारागृहाच्या प्रमुख झाल्या, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेथे बंदी आणि कर्मचारी ह्यांचे शिबिर झाले. १९९४ च्या एप्रिलमध्ये एक हजाराहून अधिक बंदी एकाच मांडवाखाली मौन धरून बसले. त्यानंतर तिहारच्या भिंतींआड कायमचे केंद्रच स्थापन झाले. अमेरिकेतील अलाबामा संस्थानच्या एका कडेकोट कारागृहातही २००२ साली असे शिबिर झाले. मध्यंतरी ते बंद पडले, आणि २००६ साली पुन्हा सुरू झाले. इंग्लंडमध्ये बौद्ध भिक्षू व उपासक तुरुंगांत जाऊन बंद्यांस भेटतात. १९८५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेचे नाव ‘अंगुलिमाल’ आहे.

हे नाव सार्थ आहे. कोसल राज्यातील पुरोहिताचा हा मुलगा. मूळचे नाव अहिंसक. तक्षशिलेस विद्या शिकत असता सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले, आणि गुरूने दक्षिणा म्हणून सहस्र बोटे मागितली, अशी कथा पाली अट्ठकथेत आहे. बुद्धाने त्यास अरण्यात गाठून संघात घेतले. आम्ही ही कथा पूर्वी वाचली तेव्हा बुद्धाच्या करुणेचे कौतुक करून पान उलटले. ह्या खेपेस मात्र त्या गुरूपाशीच अडखळलो. शिष्याला बिघडविणारा गुरू तर त्यात आहेच. पण तो बिघडल्यावर त्याचे पुढे काय झाले ह्याची त्या गुरूने पुन्हा चौकशी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर सुटले. छत्र्या, वळकट्या, दहा दिवसांनी सुटलेल्या बोलण्याची किलबिल. त्या गर्दीतून तो आला. आम्ही ओळखले नाही. केस पांढरे झालेले. त्याने वाकून नमस्कार केला आणि जुन्याच स्वरात म्हटले, “गुरुजी, घाटात पाऊस फार लागला का?”

गावातल्या एका खाणावळीत बसून आम्ही त्याची हकीकत ऐकली. त्याच्या तुरुंगात शिबिरासाठी एक बराक मोकळी केली होती. “आत शांतता कधीच नसते, गुरुजी. रात्रीसुद्धा कोणी खोकतो, कोणी ओरडतो, कुलपे वाजतात. म्हणून पहिले दोन दिवस ती शांतताच सोसवेना.” बराकीच्या एका कोपऱ्यात पहाऱ्यावरचा एक शिपाईही त्यांच्याबरोबर डोळे मिटून बसला होता. चौथ्या दिवशी गुडघ्यातली कळ उठली, कळेमागून राग उठला, आणि राग शरीरात कोठून कसा चढतो हे त्याने जन्मात प्रथम पाहिले. सातव्या दिवशी भावाचा चेहरा समोर आला. “उठून पळावे असे वाटले. पण पळणार कोठे? मग तेथेच बसलो.”

आम्ही विचारले, “मग तू बदललास का?” प्रश्न मास्तरी थाटाचाच होता. तो हसला नाही. म्हणाला, “राग येतो. पण येताना आता दिसतो. कधी कधी उशिरा दिसतो.” त्याच्याबरोबर बसलेले सर्वच सुधारले असे नाही, एकजण सुटून पुन्हा आत आला, हेही त्याने लपविले नाही. स्वतः सुटल्यावर तो पहिल्या आठवड्यात भावाच्या विधवेच्या दारी गेला. तिने दार उघडले नाही. तेव्हापासून दर सुगीस तो आपल्या शेतातले निम्मे धान्य तिच्या ओसरीवर ठेवून येतो. धान्य आत जाते. दार त्याच्यासाठी अजून उघडलेले नाही. “उघडावे असे माझे म्हणणेही नाही,” तो म्हणाला. अंगुलिमाल भिक्षू झाल्यावरही श्रावस्तीचे लोक त्यास दगड मारीत, आणि ते मुकाट्याने सोसण्यास बुद्धाने त्यास सांगितले, हा कथेचा उत्तरार्ध आम्हांस आठवला.

मग आम्ही खिशातले कार्ड काढून टेबलावर ठेवले. सांगावयाचे पुष्कळ ठरवून गेलो होतो, तोंडातून इतकेच निघाले की, “अरे, हे मला पोहोचले होते.”

तो बराच वेळ आपले अक्षर पाहत राहिला. “पोहोचले असेल असे मला वाटलेच होते,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुढे म्हणाला, “शेवटची पायरी आठवत नव्हती, गुरुजी. गंमत पाहा, ती मी स्वतः उतरून गेलो होतो.” पुढे त्याने जे सांगितले ते आम्ही चाळीस वर्षे संस्कृत शिकवून शिकलो नव्हतो. गीतेत विषयाच्या चिंतनापासून नाशापर्यंत एकेक पायरी सांगितली आहे. बौद्धांच्या साखळीतही स्पर्शापासून वेदना आणि वेदनेपासून तृष्णा असा क्रम आहे. वेदना झाली तरी तिला तृष्णेची वा द्वेषाची जोड द्यावयाची नाही, साखळी तेथेच तोडावयाची, हाच त्या दहा दिवसांचा सारा अभ्यास. “आपण मला पायऱ्या पाठ करून दिल्या,” तो म्हणाला, “पाय कोणत्या पायरीवर रोवायचा ते तेथे कळले. पण पायऱ्या पाठ नसत्या, तर तेही कळले नसते.” हा शेवटचा भाग त्याने आमच्या समाधानासाठी जोडला असावा. आम्ही तो मुकाट्याने घेतला.

निघताना आम्ही ते दोन श्लोक अर्थासह एका कोऱ्या कार्डावर लिहून त्यास दिले. त्याला त्यांची गरज उरली नव्हती, हे आम्हांस ठाऊक होते. तरी त्याने ते दोन्ही हातांनी घेऊन वरच्या खिशात ठेवले. क्षमा केली असे तो म्हणाला नाही, आम्हीही विचारले नाही. गाडीपर्यंत मात्र तो पावसात छत्री धरून आला, आणि छत्री सारी आमच्या कुटुंबावर होती.

वाचकांपैकी कोणी विपश्यना करावी किंवा करू नये ह्याविषयी आमचा काही आग्रह नाही. आम्ही स्वतः अजून ती केलेली नाही, गुडघे किती साथ देतील ते पाहावयाचे आहे. तुरुंगात जाऊन शिकविणे हे तर सर्वांस साधणारे कामच नव्हे. परंतु आमच्या समाजातील सुशिक्षित घरांतही अशी एखादी व्यक्ती असते, जिचे नाव काढले की घरात बोलणे थांबते. ती आत असेल, किंवा सुटून आली असेल. अशा व्यक्तीचे पत्र आले, तर त्याचे उत्तर त्याच दिवशी लिहावे. चढ ज्याचा त्यानेच चढावयाचा असतो हे खरे. पण थळघाटात मागून लोटणारे इंजिन का जोडतात, हे आम्हांस इतक्या वर्षांनी कळले.