डावी गोगलगाय, उजवा शंख

आमच्या देवघरात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधे एक मुठीएवढा करडा दगड असायचा. त्यात अर्धा रुतलेला, अंगठ्याएवढा शंख. आजोबा टाकळीकडे कुणाच्या तरी विहिरीच्या कामावर होते, तिथून त्यांनी तो आणला, एवढीच त्याची कुंडली. टाकळी आता नागपूर शहरात पूर्ण मुरली आहे. आजी रोज त्या दगडाला हळदकुंकू वाहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "दक्षिणावर्ती हाय तो. लाखात एक असते."

मी डावखुरी. त्याच देवघरासमोर प्रसादासाठी डावा हात पुढे केला की मनगटावर चापट बसायची.

एमएस्सीला भूशास्त्र घेतलं, तेव्हा मला खरं तर कोनोडोंटवर काम करायचं होतं. कोनोडोंट म्हणजे समुद्रातले इवलेसे प्राणी, साधारण वीस कोटी वर्षांपूर्वी संपलेले. मागे राहिले ते त्यांचे दात, वाळूच्या कणाएवढे. चुनखडी सौम्य आम्लात विरघळवायची आणि उरलेल्या गाळातून सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या टोकाने एकेक दात वेचायचा. १८५६ साली पँडर यांनी पहिल्यांदा त्यांचं वर्णन केलं, तेव्हा ते माशांचे दात वाटले. मग गंमत अशी झाली की वेगळ्या आकाराचा दात दिसला की त्याला वेगळी प्रजाती मानून नाव दिलं जायचं. १९३४ मध्ये एकाच खडकात हे दात जुळणीसकट पडलेले मिळाले आणि कळलं, की ज्यांना चार-पाच प्रजाती समजत होतो ते एकाच तोंडातले दात आहेत. बऱ्याच जातींच्या एका तोंडात असे पंधरा असतात. प्राणी स्वतः कसा होता हे कळायला १९८३ उजाडलं. एडिंबराजवळच्या ग्रँटनच्या दगडात क्लायडॅग्नॅथस या प्रजातीचा अख्खा ठसा मिळाला : चार सेंटिमीटरचं सापासारखं अंग, डोळे, इंग्रजी व्हीसारखे स्नायू, शेपटीला पर. सव्वाशे वर्षं लोक नुसत्या दातांना नावं देत होते!

भारतात कोनोडोंट मिळतात ते काश्मीर-स्पितीकडे. मी स्पितीला जायचं ठरवलं होतं, पण त्या उन्हाळ्यात आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी घरीच राहिले. मॅडम म्हणाल्या, नागपुरातलंच काहीतरी घे. इथे कोनोडोंट मिळणं शक्यच नाही. इथल्या काळ्या दगडाचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तोवर कोनोडोंट कधीच संपले होते. पण लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी साचायची आणि त्यात गोगलगायी असायच्या. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते आणि रॉबर्ट हंटर धर्मप्रसाराबरोबर टाकळीचे दगडही फोडत. त्यांचा नागपूरच्या जीवाश्मांवरचा निबंध १८५५ चा.

विभागातल्या कपाटात टाकळीचा नमुना पाहिला आणि मी हसलेच. आमच्या देवघरातलाच तो. 'फायसा प्रिन्सेपी', हे नाव सोवर्बी यांनी १८४० मध्ये दिलेलं.

मॅडमनी शंख हातात धरला, शेंडा वर, तोंड आपल्याकडे. "बघ, तोंड डावीकडे. डावा शंख. फायसाची पहिली खूण."

"आमची आजी याला उजवा म्हणते."

त्या थांबल्या, मग शंख उलटा केला. शेंडा खाली. तोंड उजवीकडे गेलं. पूजेत शंख असाच धरतात. वस्तू एकच, धरणाऱ्याप्रमाणे डावी किंवा उजवी. मला माझं मनगट आठवलं.

पण डावेपणावरून काम भागत नाही. फायसा आणि बुलिनस या दोन्ही गोगलगायींचे शंख डावेच असतात. त्या वेगळ्या ओळखायच्या तर मऊ अंग बघावं लागतं : फायसाच्या आवरणाच्या कडेला बोटांसारख्या झालरी असतात, बुलिनसच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. शिवाय जिभेवरचे दात. यातलं काहीच साडेसहा कोटी वर्षं टिकत नाही. १९२० मध्ये नेल्सन ॲनंडेल यांनी या गोगलगायीवर निबंध लिहिला, पुढच्या पुस्तकांत ती बुलिनस म्हणून दिसते, आणि अलीकडच्या निबंधांत प्लॅटिफायसा. कोनोडोंटचे दात उरले आणि अंग गेलं, हिचं घर उरलं आणि दातसुद्धा गेले.

कपाटातले नमुने बहुतेक फुटके होते. घरचा अखंड. तो मधोमध कापून काचेवर पातळ काप घेतला असता, तर आतला खांब, वेटोळी, सगळं नीट दिसलं असतं. मी आजीला विचारलं. ती पलंगावर पडूनच होती.

"काहून कापून राहिली वं? आत काय हाय ते पाहून काय करशील? जीव तर नाही ना त्यात."

मला उत्तर देता आलं नाही. जीव नव्हता हीच तर सगळी अडचण होती. प्रबंध मी फुटक्या नमुन्यांवरच केला, आणि नाव लिहिताना 'प्लॅटिफायसा' पुढे कंसात जुनी दोन्ही नावं दिली. मॅडमनी एक खोडलं. मी पुन्हा लिहिलं.

आजी गेली त्या वर्षी घराची वाटणी झाली. बाळकृष्ण काकांकडे, अन्नपूर्णा आत्याकडे. दगड कुणी मागितला नाही, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. नमुना म्हटला की त्यासोबत चिठ्ठी लागते : नाव, थर, ठिकाण. ठिकाणाशिवाय नमुन्याला शास्त्रात फारशी किंमत नसते. कोणती विहीर, कुणाची, आता सांगायला कुणी नाही. मी डाव्या हाताने लिहिलं : 'प्लॅटिफायसा प्रिन्सेपी. टाकळी, नागपूर. आजोबांनी आणला.'

नमुना ठेवण्याआधी पाण्याने, मऊ ब्रशने स्वच्छ करायचा असतो. शंखाच्या तोंडात कुंकू घट्ट बसलंय. ते मी काढलेलं नाही.