भिंगारच्या शेडमधील जीप

गेल्या उन्हाळी सुट्टीत चिरंजीवांना घेऊन नगरला जाण्याचा योग आला. 2024 साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. पण एसटीतले प्रवासी अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. पुण्याहून साधारण 120 किलोमीटरचा रस्ता. वाटेत कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ दिसला, तसे बसमधल्या चार-पाच जणांनी बसल्या जागीच हात जोडले. पुढे शिरूर, सुपा आणि मग नगर.

नगर म्हणजे फौजेचे गाव. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे आणि त्यांचेच रणगाड्यांचे संग्रहालय 1994 पासून लोकांना पाहावयास खुले आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. झाडांच्या सावलीत देशोदेशीचे रणगाडे ओळीने उभे आहेत. ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला विजयंता, रोल्स-रॉइसच्या चासीवर बांधलेली जुनी चिलखती मोटारही आहे. राजे-महाराजांच्या कंपनीची गाडी लढाईतही जात असे, याचे चिरंजीवांना फार नवल वाटले.

पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते पॅटन रणगाड्यापाशी. 1965 च्या युद्धात अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे धूड पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे आपल्या जवानांनी अडवले. तेथे हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन फोडले ते कशातून? रणगाड्यातून नव्हे. साध्या उघड्या जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या तोफेतून. 10 सप्टेंबर 1965 रोजी ते तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ही हकिगत सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, "पप्पा, मग ती जीप कशी असते?"

त्याचे उत्तर भिंगारला होते. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे मामा फौजेतून निवृत्त होऊन तेथे राहतात. ते आणि त्यांचा मुलगा एक जुनी लष्करी जीप दुरुस्त करीत आहेत, असे ऐकले होते. भिंगार काही लांब नाही. रिक्षाने गेलो.

घरामागे पत्र्याची शेड. दारातच "जयभीम, या या" झाले. मामांना घरचे सगळे आबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. वीस वर्षे फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्या. मुलगा आयटीआय झालेला, एमआयडीसीत कामाला. रविवार हा जीपचा वार.

जीप दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या आणि युद्ध संपल्यावर कितीतरी आपल्याकडेच राहिल्या. ही पारनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून होती. मधल्या काळात कोणीतरी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, पाठीमागे बाकडी टाकली आणि वडापला चालवली. बापलेकांनी ती भंगाराच्या भावाने घेतली आणि ट्रॅक्टरने टोचन करून आणली.

चिरंजीवांना काय दाखवू नि काय नको असे आबांना झाले. पुढचे दिवे बघा, म्हणाले. चाकी नट सैल केला आणि दिवा उलटा फिरवला, तर त्याचा उजेड सरळ इंजिनवर! रात्री गाडी बिघडली तर हातात बत्ती धरायला माणूस नको. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे ड्रायव्हर साक्षात पेट्रोलवर बसलेला. पुढची काच बोनेटवर आडवी होते. ही गाडी इंचात मापलेली, आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने तिला नीट बसत नाहीत, बोल्टची डोकी झिजतात. आबांनी नोकरीच्या काळात स्वतःच्या पैशाने घेतलेले इंची पाने लोखंडी ट्रंकेत तेल लावून जपले होते. तीस वर्षांनी त्यांना काम मिळाले.

एवढे वेळ माझ्या लक्षात आले नव्हते. आबा पाना उचलत तो बघून नव्हे, तर चाचपून. मुलाने हळूच सांगितले, काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजव्यात थोडे उरले आहे आणि गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. औषधाने आहे तेवढी टिकेल, टिकली तर.

"लहानपणी मला बाप म्हणजे वर्षाला दोन महिने," मुलगा म्हणाला. "सुट्टी संपली की ट्रंक उचलून स्टेशन. कधी गाड्यांचं काही शिकवलं नाही. वेळच नव्हता. आता म्हणतात, दोन वर्षांत सगळं शिकून घे."

सगळे काही गोडीगुलाबीने चालत नाही. मुलाचा पहिला विचार असा, की चालू डिझेल इंजिन तसेच ठेवावे, रंग मारावा आणि लग्नाच्या वरातीला गाडी भाड्याने द्यावी. आबा ऐकेनात. दोघे पंधरा दिवस बोलत नव्हते. मग 2021 चे सरकारी नियम मुलाच्या वाचनात आले. पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. म्हणजे वरातही गेली आणि डिझेलही गेले. मुलाने ती बातमी स्वतःच आबांना वाचून दाखवली. नंतर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार खेपा घालून पेट्रोल इंजिन मिळवले.

रंगाचे भांडण अजून मिटलेले नाही. आबांना फौजेचा हिरवा हवा. पण 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कोणालाही गाडीला ऑलिव्ह ग्रीन देता येत नाही. "वीस वर्षं त्या रंगात हात बुडवले, आणि आता मलाच बंदी?" असे आबा म्हणाले आणि हसले. मागच्या फळीवर तीन वेगवेगळ्या मातकट रंगांचे पट्टे मारून ठेवले आहेत. आबा अजून एकालाही हो म्हणत नाहीत.

मामींनी चहा आणला. त्यांचे म्हणणे सरळ होते. "एवढ्या पैशात पिठाची गिरणी आली असती." माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. खिळ्याला खर्चाची वही अडकवलेली होती, ती चाळली. गॅस्केट, प्लग, वेल्डिंग, लेथवाल्याचे, टोचनचे डिझेल. सगळे तारीखवार लिहिलेले. बेरीज मात्र कुठेच नव्हती. मी पेन काढले, तर मुलाने वही हळूच काढून घेतली.

मग इंजिन सुरू करायचे ठरले. पुढून हँडल मारायचे. आबांनी आधी चिरंजीवांना पकड शिकवली. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही; इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. मारायचे अर्थात मुलाने. चौथ्या वेळेला इंजिन खोकले आणि सुरू झाले. शेडचे पत्रे थरथरू लागले. मामीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी मान तिरकी केली. "एक सिलिंडर नीट मारत नाही," म्हणाले. मला काही कळले नाही. प्लगची वायर काढली की आवाज पडला पाहिजे. पडला नाही तर तो सिलिंडर आधीच बसलेला, हे त्यांनी समजावले. मग मुलाला म्हणाले, "डोळे मिट."

चाळिशीचा माणूस, हाताला ऑइल, पण मुकाट्याने डोळे मिटून उभा राहिला. आबांनी बोटांनी चाचपत एक वायर गाठली. कधी ती खरोखर काढायची, कधी नुसता हात लावायचा.

"काढली का नाही?"

"काढली."

"चूक. परत ऐक."

आमची परतीची एसटी साडेपाचची होती. मामींनी चिरंजीवांच्या हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा दिला. आम्ही निघालो तेव्हा मुलाचे डोळे मिटलेलेच होते आणि आबा पुढची वायर शोधत होते.