आवाज अडवायचा कोठे?

ज्याच्या घरी वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक परवान्यासह नांदत आली आहे आणि ज्याने परदेशांतील नेमबाजांच्या चित्रफिती मनःपूर्वक पाहिल्या आहेत, असा नागपूरकर तरुण चांदमारीवर शिकावयास आला म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मला विचारतो, की सर, पहिला सायलेन्सर घ्यायचा झाल्यास आखूड घ्यावा की पूर्ण लांबीचा? हा प्रश्न मी कधीही हसण्यावारी नेत नाही. त्याला एक उत्तर कायद्याचे आहे आणि दुसरे कलेचे.

कायद्याचे उत्तर थोडक्यात आटोपते. शस्त्र अधिनियम, 1959 खाली जे नियम 2016 साली जारी झाले, त्यांच्या पहिल्या अनुसूचीत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा मंद करणारी उपकरणे मनाई केलेल्या शस्त्रांच्या पंक्तीला, पहिल्याच वर्गात बसविली आहेत. त्यामुळे हाती बंदुकीचा रीतसर परवाना असला तरी खाजगी इसमाला तो जिन्नस विकत घेण्याची, बनवून घेण्याची वा बाळगण्याची सोय राहत नाही. नळी आखूड करणेदेखील त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमाने परवान्यावाचून गुन्हा ठरविले आहे. ही बंधने मला योग्य वाटतात. शहरवस्तीत बार झाल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलेच पाहिजे.

परंतु जिज्ञासेला मनाई नाही, आणि त्या तरुणाच्या प्रश्नात नेमबाजीचे एक मर्म दडलेले आहे. हिराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने 1909 साली ज्या उपकरणाचे पेटंट मिळविले, त्याचे तत्त्व असे, की गोळीमागून नळीच्या तोंडाशी एकदम मोकळा होणारा तप्त, कोंडलेला वायू एका नळकांड्यातील पडद्यांच्या रांगेतून, धबधब्याचे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे तसा, निववीत बाहेर सोडावयाचा. या शोधाची एक करुण पार्श्वभूमी आहे: ज्याच्या यंत्रबंदुकीने जगाच्या रणांगणांचे स्वरूप पालटले, तो पर्सीचा पिता सर हिराम मॅक्सिम स्वतः आपल्याच बंदुकांच्या सततच्या गडगडाटाने बहिरा झाला होता.

नळकांडे जितके लांब, तितकी वायूला पसरण्यास जागा अधिक आणि आवाज कमी. मात्र तितकेच वजन बंदुकीच्या अगदी टोकाला, म्हणजे जेथे ते हातांना सर्वाधिक जाणवते तेथे जाऊन बसते, आणि उभ्याने नेम धरणाऱ्याचा तोल पुढे ओढला जातो. आखूड नळकांडे तोल राखते, पण आवाज अधिक सोडते. .22 सारख्या अल्प दारूच्या काडतुसाला आखूड पुरते, मोठ्या रायफलीला लांब लागते, असा जाणत्यांचा सर्वसाधारण कौल आहे. एवढे करूनही ध्वनीच्या वेगाहून वेगवान गोळी हवा चिरीत जाताना जो फटकारा उमटतो, तो कोणत्याही नळकांड्याने थांबत नाही. स्पर्धेच्या .22 काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगाची, म्हणजे ध्वनीहून किंचित मंद असते, म्हणून तिचा तो फटकारा नसतो. आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45 अंशांवर गेला, की ध्वनीचा वेगच सुमारे 358 मीटरपर्यंत चढतो, त्यामुळे हे अंतर आणखी वाढते.

म्हणून मी त्या तरुणाला सांगतो, की नळीच्या तोंडाशी आवाज अडविण्याचा मार्ग आपणास बंद आहे. तेव्हा तो कानाच्या दाराशी अडवावा. आणि नवल असे, की आखूड की पूर्ण, हाच प्रश्न तेथेही हजर असतो: कानात बसणारा लहानसा इअरप्लग घ्यावा, की अवघा कान झाकणारा इअरमफ?

बहुतेकजण मोठ्या वस्तूवर भरवसा ठेवून मफ उचलतात. पिस्तुलासाठी ते ठीक आहे. रायफल किंवा बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकविला, की मफची जाड वाटी दस्त्याला अडते आणि कानावरून किंचित उचलली जाते. तेवढ्या फटीतून बार आत शिरतो. चष्म्याच्या काड्याही गादीखाली अशीच फट पाडतात. त्यात विदर्भाचा उन्हाळा: गादीखाली घाम साचतो, नवशिक्या मधूनमधून मफ सरकवितो, आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या गल्लीतून बार होतो. जे साधन गैरसोयीचे, ते अंगावर टिकत नाही, आणि वेष्टणावर छापलेले डेसिबल त्याच्या काही कामाचे राहत नाहीत.

फोमचा इअरप्लग स्वस्त आणि लहान आहे, पण तो घालणे ही एक कला आहे. बोटांत वळून त्याची बारीक वात करावी, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर आणि मागे खेचावा, वात आत सरकवावी, आणि ती फुगून बसेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. आपलाच आवाज आपणास खोल आणि घुमल्यासारखा ऐकू आला, की तो नीट बसला असे समजावे. नुसता दाराशी टेकविलेला प्लग सांगितल्यापैकी फार थोडे संरक्षण देतो.

.22 रायफलीचा बारदेखील कानाशी 140 डेसिबलच्या आसपास जातो, बारा बोअरचा त्याहून पुष्कळ वर. आणि आतील कानातील केसपेशी एकदा मेल्या, की त्या पुन्हा उगवत नाहीत. बंदुकीजवळ आयुष्य घालविलेले, दारावरची हाक ऐकू न येणारे वृद्ध शिकारी आणि निवृत्त शिपाई मी पाहिले आहेत. त्यांच्या तरुणपणी कानात बोळे घालणे भित्रेपणाचे लक्षण मानीत.

तेव्हा माझा कौल असा. रायफलीसाठी पहिली खरेदी इअरप्लगची करावी. बारा बोअर असेल, किंवा पत्र्याच्या छपराखाली चांदमारी असेल, तर प्लगवर पातळ वाटीचा मफ चढवावा. दोहोंची बेरीज मात्र पूर्ण होत नाही, फार तर पाचएक डेसिबलांची भर पडते, कारण उरलेला ध्वनी कवटीच्या हाडांतूनच आत पोचतो. बोलणे वाढवून ऐकविणारे विजेरी मफ शिकविणाऱ्याला उपयोगी आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय नियम स्पर्धकाच्या कानावर संदेश ग्रहण करणारे साधन चालू देत नाहीत, म्हणून ज्याला स्वप्नील कुसाळेप्रमाणे 50 मीटरच्या रायफलीत पदकापर्यंत जावयाचे आहे, त्याने आरंभापासून साध्या साधनाचीच सवय करावी.

आणि पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या हाती पहिले काडतूस देण्यापूर्वी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या, तिचा आलेख परवान्याच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा, आणि दरवर्षी नवा आलेख त्या पहिल्याशी ताडून पाहा.